शेवटचा स्क्रू डोंगरावर

फोरमन माझ्याशी पहिलं वाक्य बोलला, ते खरं म्हणजे माझ्याशी नव्हतंच. ते माझ्या डाव्या पायाशी होतं.

नाशिकच्या सातपूरला बस स्टॉपसमोर माझा एसटीडीचा पिवळा बूथ होता, अपंगांच्या कोट्यातून मिळालेला. एका सकाळी एक काटकुळा माणूस पिंपळगावला फोन लावायला आला. नंबर लागला, पलीकडून त्याचा मेहुणा "हॅलो, हॅलो" करायला लागला, आणि ह्याने रिसीव्हर काउंटरवर ठेवून दिला. आत डोकावून माझ्या पायातल्या लोखंडी पट्ट्यांच्या कॅलिपरकडे बघितलं आणि त्यालाच विचारलं, "कुणी रे केलं तुझं असं?"

"अहो, इकडे वर बघून बोला," मी म्हटलं.

"तुम्ही थांबा हो जरा. मला त्याचं ऐकू द्या."

मीटर पळत होतं, मेहुणा ओरडत होता, आणि हा फरशीवर उकिडवा बसून माझ्या गुडघ्याच्या लॉकला कान लावून ऐकत होता. मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी उठला, हात झटकले आणि डॉक्टर लोक घरच्यांना बाजूला घेऊन बोलतात त्या आवाजात म्हणाला, "लॉक चुकीचं बसवलंय. एवढी वर्षं हा बिचारा बोंबलतोय आणि तुम्हाला पत्ता नाय." मग रिसीव्हर उचलून मेहुण्याला म्हणाला, "हां बोल. कशाला फोन केला होतास?"

तो खरंच फोरमन होता, सातपूरच्याच एका कारखान्यात. कधीतरी ती नोकरी सोडून त्याने मागच्या गल्लीत एक पत्र्याची शेड घेतली आणि तिथे कॅलिपर, बूट, खोटे पाय असलं सगळं बनवायला लागला. का, ते कुणालाच नक्की माहीत नाही. मला म्हणाला, मशीनचे पार्ट मुके असतात, कंटाळा आला. दुसऱ्या कुणाला म्हणाला, बायकोशी पैज लागली होती. माझ्या आईला त्याने सांगितलं की सप्तशृंगीच्या देवीने स्वप्नात येऊन आज्ञा केली, कारण आईच्या गळ्यातला देवीचा टाक त्याने येताच बघून ठेवला होता. तोंडावर सगळे त्याला काका म्हणत आणि माघारी फोरमन. मीही फोरमनच म्हणते, तो काही आता ऐकायला येत नाही.

नावं त्याच्या लक्षात राहत नसत. पाय राहत. मला तो शेवटपर्यंत "डावे" म्हणाला. माझ्याच बूथमधून फोन लावून ओरडायचा, "अरे, उजव्याला निरोप दे, बूट तयार हाय! आणि त्या दोन्ही गुडघेवाल्याला विचार, रविवारी येतो का?" गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायची. मी हिशोबात डोकं घालून बसायची.

ह्या माणसाचा एक कायदा होता. कुणाचंही काम तो पूर्ण करून देत नसे. कॅलिपर घडवायचा झकास, चामडं मऊसूत, पट्ट्या चकचकीत, पण गुडघ्याजवळचा एक स्क्रू कच्चा ठेवायचा. पडायची भीती नव्हती, फक्त पाऊल टाकलं की कुई व्हायचं. पक्का स्क्रू त्याच्या वरच्या खिशात, आणि तो बसवणार कुठे, तर डोंगराच्या माथ्यावर. "शेवटचा स्क्रू डोंगरावर," हे तो असं म्हणायचा, जसं सरकारी नियमातच छापलंय. विचारलं की स्पष्टीकरण तयार असायचं, "सपाटीवर सगळेच कॅलिपर साळसूद असतात. खोड कळते चढावर."

त्यामुळे सातपूरमध्ये कुठून कुई-कुई ऐकू आली की आम्ही समजायचो, ह्याचा डोंगर बाकी आहे. बँकेच्या रांगेत कुई, भाजीबाजारात कुई. लोक चिडायचे, भांडायचे, दुसऱ्याकडून स्क्रू बसवून घेऊ म्हणायचे. फोरमन म्हणायचा, "घ्या की. मग पुढच्या वेळी बूटपण त्याच्याकडूनच घ्या." शेवटी एकेक जण मुकाट्याने रविवारी सकाळी शेडपाशी येऊन उभा राहायचा.

मी सगळ्यात जास्त भांडले. माझा पाय, माझे पैसे, माझी मर्जी. त्याने केलेला नवा कॅलिपर घालून बूथमध्ये जरा हललं तरी कुई, आणि आतल्या काचेच्या केबिनमधली माणसं रिसीव्हरवर हात ठेवून "काय आवाज आहे हा?" करायची. पण भांडण हे वरवरचं. खरं सांगायचं तर मला वर जायचं होतं. फार जायचं होतं. आमच्या घरात सगळ्यांना डोंगर चढायची हौस. अंजनेरी झाली, ब्रह्मगिरी झाला, पांडवलेण्यांची तर गणतीच नको. मी पायथ्याशी, पिशव्या आणि थर्मासशेजारी. खाली आल्यावर भाऊ दर वेळी सांगायचा की वरून आपलं घर दिसतं. मला पक्कं ठाऊक होतं की हे खोटं आहे, आणि ते मला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पकडायचं होतं.

अडचण वेगळीच होती. फोरमन नेणार होता रामशेजच्या किल्ल्यावर. त्याने आधीच सांगून टाकलं होतं, की वाट बरी आहे, पण शेवटी मुरमाचा घसरडा टप्पा लागतो. लॉक केलेला ताठ पाय तिथे टिकत नाही. लॉक काढायचं, खाली बसायचं, आणि सरकत वर जायचं.

आणि सरकायची मला बंदी होती.

पहिला कॅलिपर येईपर्यंत मी घरभर सरकतच होते, आणि अशा वेगात की भाऊ धावत हरायचा. कॅलिपर आला त्या दिवशी आईने समोर बसवून सांगितलं, "आता सरकायचं नाही हं. लोक बघतात." रागावून सांगितलं असतं तर मी कधीच मोडलं असतं. पुढे एका लग्नात पट्टा तुटला म्हणून मी पंगतीच्या कडेने सरकत निघाले, तर आईने धावत येऊन मला दंडाला धरून उचललं, आणि मग भांड्यांच्या खोलीत जाऊन ती रडत बसली. ते मी दाराच्या फटीतून पाहिलं. तेव्हापासून घरात कॅलिपर काढला तर मी आधी दाराला कडी लावायची.

फोरमनला मी म्हटलं, "ठीक आहे, येते. सरकते. पण एकटी." तर त्याचा दुसरा कायदा बाहेर आला. प्रत्येकाबरोबर घरचं एक माणूस पाहिजेच.

"भावाला आणते."

"नाय. ज्याला जास्त काळजी, तो."

"काका, आई येणार असेल तर मी येत नाही."

"मग कुई-कुई करत बस," म्हणाला, आणि पायाला म्हणाला, "तू काळजी करू नको रे, मी बघतो." तो संपूर्ण पावसाळा आणि दिवाळी मी कुई-कुई करत काढली.

त्या काळात बाकीच्यांच्या रविवारांच्या बातम्या मात्र बूथवर येत होत्या. जायचं मेहुण्याच्या टेम्पोतून. तो टेम्पो आठवडाभर पिंपळगावच्या बाजारात कांदा वाहायचा आणि फक्त रविवारी माणसं. कितीही झाडला तरी आत कांद्याचा असा भपकारा, की पायथ्याशी टेम्पो थांबायचा तेव्हा आतून एकूण एक माणूस डोळे पुसत उतरायचा. एकदा तिथे सहलीला आलेल्या एका बाईंनी हे पाहिलं आणि गलबलून म्हणाल्या, "किती भावना दाटून आल्यात हो ह्यांच्या!" फोरमनने गंभीर चेहऱ्याने हात जोडले.

शिट्टी हे त्याचं दुसरं खूळ. एक शिट्टी थांबा, दोन शिट्ट्या खाली बसा, तीन शिट्ट्या डबे उघडा. लोकांच्या लक्षात फक्त तीन राहिल्या. एका रविवारी निम्म्या चढावर असताना खालच्या वस्तीतल्या कुणाच्या तरी कुकरला तीन शिट्ट्या झाल्या, आणि ही मंडळी जिथे होती तिथे बसून जेवायला लागली. फोरमन सगळ्यात पुढे, त्याला पत्ताच नाही. माथ्यावर जाऊन मागे वळला तर एकही माणूस नाही. धापा टाकत खाली आला तेव्हा त्याच्या वाट्याची भाकरीसुद्धा संपली होती.

पण सगळ्यात गाजला तो मालेगावच्या चाचांचा पाय. चाचा यंत्रमागावर काम करायचे. आग्रा रोडवर ट्रकने ठोकरलं आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. फोरमनने त्यांना सुरेख पाय बनवून दिला होता, आणि डोंगराच्या आधी दोर शिकायला म्हणून चामरलेण्याच्या बाजूला एका कातळावर नेलं होतं. दोघा दणकट माणसांनी वर दोर धरलेला, चाचा मध्ये लोंबकळत खाली येतायत, आणि फोरमन खालून सूचना देतोय. तेवढ्यात पट्टा सैल झाला आणि पाय सुटला. आपटत, उड्या मारत खालच्या झेंडूच्या वावरात जाऊन पडला. तिथे बायका फुलं खुडत होत्या. अशी किंकाळी उठली की विचारू नका.

फोरमनने काय करावं? चाचांना तसंच लटकत ठेवलं आणि पायाच्या मागे धावत सुटला. वरून चाचा ओरडतायत, "अरे फोरमनसाब, आदमी इधर है! आदमी को तो उतारो!"

वावरात पोचला तर एक माळीणबाई पाय छातीशी धरून उभी. "ह्यो तुमचा का?"

"आमचाच, आमचाच."

"मग मानूस कुठं हाय?"

फोरमनने वर बोट केलं. चाचांनी दोरावरूनच एक हात सोडून सलाम केला. बाईने वर बघितलं, हातातल्या पायाकडे बघितलं. "पाय खाली नि मानूस वर! लय भारी लोकं हायेत बाई. मी नाय देनार तुम्हाला. ज्याचा त्यालाच देईन." आणि नाहीच दिला. चाचांना उतरवलं, दोघांच्या खांद्यावर हात टाकून ते उड्या मारत वावरात आले, तेव्हा बाईने पाय दिला, वर झेंडूची ओंजळभर फुलं दिली आणि चहा पाजला. चाचा मालेगावाहून महिन्यातून एकदा फोन करायचे, आणि दर वेळी मला ही गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. मीही दर वेळी हसायची, कारण हसू यायचंच.

पुढे सगळं बदललं. मोबाइल आले आणि माझ्या बूथचं झेरॉक्सचं दुकान झालं. अपंगांसाठी नीटनेटकी साहस शिबिरं निघाली, हेल्मेटं, रंगीत दोर, टी-शर्ट सगळं. फोरमनला मी एकदा तसल्या शिबिराला घेऊन गेले. टेबलावरच्या मुलीने अदबीने विचारलं, "काका, आपलं अपंगत्व कोणतं?" तो म्हणाला, "तोंड. बंद होत नाय." पण दिवसभर तिथे लहान मुलासारखा हिंडला, प्रत्येक दोर ओढून पाहिला, आणि परतताना म्हणाला, "चांगलं चाललंय. फक्त कांद्याचा वास कमी पडतो." तो गेला तेव्हा त्याच्या दहाव्याला आम्ही रामकुंडावर जमलो. काठावर कुबड्या, कॅलिपर, तीनचाकी सायकली, अशी गर्दी की भटजी बिचकले. चाचा आले होते. त्या दिवशी मी खूप रडले, आणि शेजारच्या माणसाने "टेम्पोतून आलात का?" असं विचारल्यावर रडता रडता हसले.

माझा डोंगर मात्र त्याच्या फार आधीचा, त्या दिवाळीनंतरच्या थंडीतला. मी हार मानली नाही. फोरमनने परस्पर आईला गाठलं. तेव्हाच ती स्वप्नातल्या देवीची थाप मारली. आई येऊन म्हणाली, "देवीची आज्ञा आहे म्हणतात, मग मी येणार. आणि मी तुला नीट धरून नेणार. बसायची वेळच येऊ देणार नाही." रात्रभर मला वाटत होतं, सकाळी ताप यावा. आला नाही.

रामशेजच्या पायथ्याशी आम्ही डोळे पुसत उतरलो. फोरमन पांढरी शुभ्र पँट घालून आला होता. डोंगराला तो नेहमी तीच घालायचा. वाट चढताना आईने माझा दंड असा धरला होता की रक्त थांबावं. सोबतची मंडळी पुढे गेली, त्यांत मालेगावचे चाचाही होते. फोरमन मागे राहून माझ्या पायाशी गप्पा मारत होता, "शाब्बास. दमला का? दम लागणारच, पहिला डोंगर हाय." कुई-कुई करत, थांबत, पाणी पीत आम्ही त्या मुरमाच्या टप्प्याशी आलो.

मी एक पाऊल टाकलं आणि ताठ पाय मागे घसरला. दुसरं टाकलं, परत घसरला. आईने ओढून पाहिलं, फोरमनने मागून रेटून पाहिलं. तिसऱ्या वेळी मी आणि आई दोघीही पडता पडता वाचलो. फोरमन हळूच म्हणाला, "डावे, आता बस."

मी बसले नाही. वर टेकाडावर लोक दिसत होते, सहलीला आलेली एक अख्खी पलटण. आई माझ्याकडे बघत नव्हती, त्या लोकांकडे बघत होती. मी म्हटलं, "काका, मी इथंच थांबते. तुम्ही जा." वर पोचायला एवढंच तर उरलं होतं.

"अशी कशी थांबतेस?" आई म्हणाली. "थांब, मी आधी वर जाते, तुला हात देऊन ओढते." आणि पदर खोचून ती तरातरा चढायला लागली. अर्ध्यात गेली आणि हात द्यायला मागे वळली. तिने खाली बघितलं. सगळं खोरं एकदम डोळ्यांसमोर आलं असणार. आई भोवळ आल्यासारखी हलली, मटकन खाली बसली आणि दोन्ही मुठींत गवत धरून डोळे मिटून घेतले.

"ताई, उभ्या राहा!" फोरमन ओरडला.

"मेले तरी उभी राहणार नाही!"

"मग उतरून या!"

"उतरतही नाही!"

फोरमन शिट्टी वाजवायला लागला. दोन वाजवल्या. पुढच्या मंडळींचं लक्षच नव्हतं. चाचा तर कधीच माथ्यावर पोचून आम्हाला हात हलवत होते. नंतर त्यांनीच मला सांगितलं की डावीकडून चांगल्या पायऱ्यांची वाट होती, पण ज्याच्याबरोबरचं घरचं माणूस पहिल्यांदाच आलेलं असेल, त्याला फोरमन मुद्दाम मुरमावरूनच न्यायचा. तेव्हा मला हे कळलं असतं, तर मी त्याला तिथेच ढकलून दिलं असतं.

"अगं," आई डोळे मिटूनच म्हणाली, "आता काय करू गं मी?"

मी लॉक उघडलं. खाली बसले, डोंगराकडे पाठ केली, तळवे मागे टेकले आणि उजव्या पायाने जोर लावला. इतक्या वर्षांनी, पण अंग काही विसरलं नव्हतं. बघता बघता आईशेजारी पोचले. "आई, खाली बघू नको, माझ्याकडे बघ. गवत सोड. हात मागे टेक, पंजे पसरून. आता कंबर उचल आणि मागे ठेव. पुन्हा हात."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मी धुळीत बसलेली, केस विस्कटलेले, पाय पसरलेला. मला वाटलं, आता रडणार. तिने हात मागे टेकले आणि कंबर उचलली. वीतभर सरकली. "अशी?" म्हणाली.

"हां. पुन्हा."

आम्ही शेजारी शेजारी सरकायला लागलो. दोघींची तोंडं नाशिककडे. बारीक पांढरी घरं, द्राक्षांच्या बागा, कुठेतरी चमकणारं पाणी, आणि आपलं घर अर्थातच कुठे दिसत नव्हतं. ते सांगायला मी तोंड उघडलं तर नुसतं हसूच फुटलं. पोटातून येत होतं, थांबेना. खाली फोरमनही बसला होता आणि पांढऱ्या पँटसकट आमच्यामागून वर सरकत येत होता. त्याच्या पायाला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.

टेकाडाच्या कडेला पोचलो तेव्हा ती सहलीची पलटण वाकून बघत होती. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, "अगंबाई! बसून का हो येताय?"

माझं हसू तिथेच थांबलं. आईच्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत होईना. आईने कपाळावरचा घाम पुसला, मान मागे करून त्या बाईंकडे बघितलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आमच्यात असंच चढतात."

मग माझ्या दंडाला कोपर मारून म्हणाली, "तू काय बघत बसलीस? सरक की वर."